नागपूरपर्यंतची पाच माणसे

रविवार, २९ सप्टेंबर २०२४

मी विनायक बंडोपंत हरकरे, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, राहणार बालाघाट. एका खाण कंपनीच्या येथील कार्यालयात आस्थापना विभागात एकतीस वर्षे सेवा करून मार्च महिन्यात स्वेच्छानिवृत्ती घेतली. आजपासून वाचनालयाच्या मागील खोलीत सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी दर रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा असा वर्ग सुरू केला आहे. विषय: नोकरीच्या जगातील ओळखी कशा जुळतात, कशा टिकतात आणि त्यांचा प्रामाणिक उपयोग कसा करावा. वर्गात काय साधले आणि काय फसले याची नोंद राहावी, एवढ्यासाठी ही दैनंदिनी. खासगी बाबींना येथे जागा नाही.

अकरा जण आले. पहिला प्रश्न विचारला: तुमच्या घरातील कमावत्या माणसाला त्याच्या कामाची बातमी कोणी दिली? नऊ जणांनी माणसाचे नाव सांगितले. जाहिरातीचे नाव दोघांनीच. हेच अपेक्षित होते. त्यानंतर शिफारस आणि ओळख यांतील भेद फळ्यावर लिहिला. अपात्र माणसाला पुढे ढकलणे ही शिफारस. पात्र माणसाची बातमी योग्य जागी पोहोचवणे ही ओळख.

रजत नावाचा एक बोलका मुलगा आहे. तो म्हणाला, "सर, लेकिन दोनों में फोन तो एक ही लगता है ना?"

वर्ग हसला. प्रश्न वहीत टिपून घेतला; उत्तर पुढील खेपेस तयार ठेवावे.

सायंकाळी मुलाचा, अनुरागचा रविवारचा फोन. सहा मिनिटे. प्रकृती, नळाचे पाणी, गॅसची टाकी. वर्गाविषयी सांगायचे राहून गेले.

रविवार, ६ ऑक्टोबर

आज ओळखींचा नकाशा काढून घेतला. मध्यभागी स्वतःचे नाव. पहिल्या वर्तुळात घरची माणसे. दुसऱ्यात अशी माणसे, ज्यांच्या दाराशी काही न कळवता जाता येते. तिसऱ्यात नुसत्या तोंडओळखीची. तिसरे वर्तुळ सर्वांत कामाचे, हे मला त्यांना पटवायचे होते. आपल्या जवळच्यांना ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊकच असते. नवी बातमी लांबच्याकडून येते.

नमुना म्हणून माझा नकाशा फळ्यावर काढू लागलो. पहिल्या वर्तुळात अनुराग. दुसऱ्यात वारासिवनीचा राजेंद्र बिसेन, आमचे महाविद्यालयापासूनचे स्नेहसंबंध. मग खडू थांबला. जी जी घरे आठवत होती ती सर्व माझी पत्नी कालिंदी जिथे दिवाळीचा फराळ पाठवीत असे अशी होती. तिला जाऊन दोन वर्षे झाली. मी त्या घरांच्या अंगणात उभा राहिलेलो आहे, स्कूटर सुरू ठेवून.

"नमुन्यादाखल एवढे पुरे," असे म्हणून फळा पुसला.

अपेक्षा टेंभरे हिला मात्र कागदाची मागची बाजूही पुरली नाही. ही मुलगी अठरा वर्षांची, बारावी झालेली, आईसोबत वारासिवनी रस्त्यावरील एका वस्तीत राहते. तिने तिन्ही वर्तुळांवरून एक लांबट आकार काढला होता आणि त्यात "मंडई" असे लिहिले होते.

मी म्हणालो, "मंडई ही व्यक्ती नव्हे."

"माहीत आहे सर. पण हे सगळे तिथंच भेटते. मामाच्या गावची मंडई असली का आमच्या घरी चुलीवरचा भाताचा गंज खालीच उतरत नाही. कोण कोणाचा पाहुणा, दुपारपर्यंत कोणाले समजत नाही."

भाऊबीजेनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. गावांनी दिवस आपसांत वाटून घेतलेले असतात, त्यामुळे प्रत्येक घर हंगामात एकदा यजमान होते आणि अनेकदा पाहुणे. एकतीस वर्षे कर्मचारी त्यासाठी रजा मागत आणि मी त्या अर्जांवर "कारण अपुरे" असा शेरा मारीत असे. अपेक्षाचा नकाशा नियमात बसत नव्हता. तरीही त्याला सर्वाधिक गुण दिले.

रविवार, १३ ऑक्टोबर

नवा अभ्यास दिला. प्रत्येकाने कामासंबंधी आपला खरा प्रश्न निवडावा, तो एका माणसाला विचारावा. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर त्याने पुढचा माणूस सांगावा. अशी साखळी जिथे थांबेल तिथपर्यंतची नावे लिहून आणावी. मुदत चार आठवडे. मोबाइलवर शोधायचे नाही; विचारायचे.

रजत म्हणाला, "सर, ये तो पुराने ज़माने का गूगल हो गया."

अपेक्षाचा प्रश्न: आइसक्रीमच्या पेट्यांपासून शीतगृहापर्यंत थंडाव्याची यंत्रे दुरुस्त करायला मुलीला कोठे शिकवतील? तिचा मामा महागू मंडयांमधून कुल्फी विकतो. मागील वर्षी ऐन मंडईत त्याची पेटी बंद पडली, ती हिने उघडली आणि सुरूही केली. "फक्त पंख्याची तार सुटलेली होती सर," ती म्हणाली, "पण मले वाटलं, बाकीचंही समजून पाहावं."

चार आठवडे प्रश्नच विचारायचे आहेत म्हटल्यावर काही मुलांचे चेहरे उतरले. एक मुलगी म्हणाली, "सर, मांगने में शरम आती है." मी तिला समजावले की विचारण्यात लाज कसली, समोरचा फार तर नाही म्हणेल. हे वाक्य सहज तोंडून गेले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

खासगी बाबींना जागा नाही असा नियम मीच लिहिला होता. आज तो मोडतो, कारण रविवारचे ते वाक्य तीन दिवस मनातून जात नाही.

सहा वर्षांपूर्वी अनुराग पदविका घेऊन घरी बसला होता. राजेंद्रच्या मेहुण्यांचा नागपुरात यंत्रांचा मोठा व्यवसाय होता. कालिंदी म्हणाली, "एकदा राजेंद्रभाऊंकडे शब्द टाका." मी कोणाकडे कधीच शब्द टाकला नव्हता. माझ्या वडिलांनीही टाकला नव्हता. तरीही गेलो. वारासिवनीला त्याच्या राइस मिलमध्ये एक तास दहा मिनिटे बसलो. त्याने दोनदा चहा मागवला. धानाचा, पावसाचा, जुन्या प्राध्यापकांचा विषय झाला. परतलो तेव्हा कालिंदी आणि अनुराग दोघेही फाटकाशी उभे होते. मी म्हणालो, "जमण्यासारखे नव्हते."

हे खोटे नव्हते. मला जमण्यासारखे नव्हतेच.

आठव्या दिवशी अनुराग एक बॅग घेऊन गोंदियामार्गे नागपूरला गेला. सुरुवातीला कोठे राहिला, काय खाल्ले, हे कालिंदीला ठाऊक असावे. आज तो एका कंपनीत अभियंता आहे. सर्व काही स्वतःच्या गुणांवर. त्या अर्थी माझे तत्त्व योग्यच ठरले.

रविवार, ३ नोव्हेंबर. भाऊबीज

वर्गाला सुट्टी. अनुराग दिवाळीला आला नाही. कामाची गर्दी असावी. येणार आहेस का, असे मी विचारले असते तर त्याला नाही म्हणणे अवघड झाले असते, म्हणून विचारले नाही. बाजारातून चकल्यांचे एक पाकीट आणले. बरे होते.

रविवार, १० नोव्हेंबर

साखळ्यांचा दिवस. अकरापैकी सात साखळ्या उत्तरापर्यंत पोहोचल्या. रजतची तिसऱ्याच माणसापाशी तुटली, कारण तिसरा माणूस त्याचे वडीलच निघाले. "सर, वो बोले, पहले दुकान पे बैठ." सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

अपेक्षा शेवटी उठली. तिची साखळी सर्वांत लांब: आई मैनाबाई, मामा महागू, महागूची पेटी दुरुस्त करणारा वारासिवनीचा वसंता, वसंताला सुटे भाग देणारा गोंदियाचा मोतीलाल आणि पाचवा माणूस नागपूरचा. मोतीलालने तिला फोनवर सविस्तर सांगितले होते. शीतगृहांची यंत्रे सांभाळणारी एक कंपनी दरवर्षी चार शिकाऊ उमेदवार घेते. वर्षभर शिकवणे, राहण्याची सोय, नंतर काम. अर्ज बावीस नोव्हेंबरपर्यंत. अर्जावर उमेदवाराला ओळखणाऱ्या एका जबाबदार माणसाचे नाव लागते. उमेदवारांची यादी करणारे साहेब बालाघाटचेच आहेत.

"मोतीलालभाऊ म्हणे, साहेब मोठे कडक आहेत. कोणाची सिफारिश ऐकत नाहीत, फोनच कापून टाकतात. घरचं कोणी बोललं त बात अलग." मग तिने कागद पाहून नाव वाचले. "अनुराग हरकरे."

मी हातातील खडू पेटीत ठेवला.

"सर," ती म्हणाली, "हे तुमचे कोणी लागतात का?"

मी म्हणालो, "एका आडनावाची अनेक घरे असतात."

ती खाली बसली. मी साखळीतील दुव्यांच्या विश्वासार्हतेविषयी बोलू लागलो. मुले थकली असावीत. वेळ संपायला बारा मिनिटे असतानाच सर्वांनी वह्या मिटल्या. एरवी रजत जाताना काहीतरी बोलतो. आज तोही न बोलता गेला.

सायंकाळी अनुरागचा फोन आला. पाच मिनिटे. थंडी पडू लागली आहे, यावर आमचे एकमत झाले.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दुपारी मैनाबाई टेंभरे घरी आल्या. बसायला सांगितले तर खुर्चीच्या कडेला बसल्या. चहा मीच केला. फार गोड झाला.

"येत्या इतवारी आमच्या भावाच्या गावची मंडई आहे, गुरुजी. तुमी या. पोरीनं घरात तुमचंच नाव लावलं आहे. सर असं म्हणते, सर तसं म्हणते."

मी म्हणालो, मी मंडईला जात नसतो.

"काहून? बंदी आहे का?" त्या हसल्या. मग भिंतीवरील कालिंदीच्या छायाचित्राकडे पाहून म्हणाल्या, "बाई येत होत्या. आमच्या वस्तीत पोलिओच्या डोजच्या वेळी येत. पोरगं एकच का तुमाले?"

"एकच."

"कुठी रायते?"

"नागपूरला."

"हौ," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटले, त्या अर्जाविषयी काही विचारतील. त्यांनी थंडीविषयी विचारले, गुडघ्यांविषयी विचारले. निघताना फाटकाशी थांबून म्हणाल्या, "पोरीले पाहाले वीस-पंचवीस तारखेला पाहुणे येऊन राह्यले. मुलगा चांगला आहे म्हणतात. मी त अजून हौ म्हटलं नाही. पण किती दिवस थांबवू?"

मी म्हणालो, तो आपल्या घरचा निर्णय आहे. त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

त्यांनी जी गोष्ट विचारली नाही, ती न विचारल्याबद्दल मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते.

रविवार, १७ नोव्हेंबर

वर्ग घेतला नाही. मुलांनाच मंडईला जायचे होते. मीही गेलो. शेअर ऑटोने वारासिवनी, तेथून पुढे दुसऱ्या ऑटोत अकरा जणांत बारावा.

गावाच्या वेशीपासूनच गर्दी. पाळणे, बांगड्यांची दुकाने, जिलेबीच्या कढया, एका मांडवात रात्रीच्या दंडारीची, म्हणजे लोकनाट्याची, तयारी. महागूने मला पाहताच कुल्फीची काडी हाती दिली आणि शेजाऱ्याला सांगितले, "हे आमच्या भाचीचे गुरुजी." शेजाऱ्याने पुढच्याला सांगितले. दुपार सरेपर्यंत मी तीन घरी जेवलो. प्रत्येक घरात कोणी ना कोणी कोणाला काही मागत होते: बैलजोडी, मुलगी, खोली, शाळेत जागा, डॉक्टरचा नंबर. नाही म्हणणारा नाही म्हणे आणि दोघे एकाच ताटातील भजी खात. मी हे सात आठवडे शिकवीत होतो.

तिसऱ्या घरच्या अंगणात खाटेवर राजेंद्र बिसेन बसला होता. केस पूर्ण पांढरे. कालिंदीच्या दहाव्यानंतर आम्ही भेटलो नव्हतो.

"विन्या! तू अन् मंडईत? सूर्य कुठून निघाला रे आज?"

मी त्याच्या शेजारी बसलो. वर्गाविषयी सांगितले. तो खूप हसला. "तू शिकवून राह्यला? ओळखी कशा वापराच्या? तू?"

त्याच्या हसण्यामुळे असेल, किंवा तिसऱ्या जेवणामुळे, मी म्हणालो, "सहा वर्षांपूर्वी तुझ्या मिलमध्ये आलो होतो. आठवते?"

तो हसायचा थांबला. "आठवते म्हणजे? मी वाट पाहून राह्यलो होतो ना तू बोलशील म्हणून. दोनदा चहा सांगितला, तू उठू नाही म्हणून."

"तुला ठाऊक होते?"

"वहिनीनं बायकोले, आमच्या ज्योत्स्नाले, आधीच फोन केलता. मी मेहुण्याले बोलून ठेवलं होतं. त्यानं महिनाभर जागा ठेवली, विनायक. रिकामी."

अंगणात मुले फुगे फोडत होती. मी विचारले, "मग तू का बोलला नाहीस?"

"तू मांगितलं नाही त कसं देऊ? तुले वाटलं असतं, याच्या समोर आपली इज्जत गेली. तुझ्या मानासाठी चूप बसलो मी." मग तो म्हणाला, "अन् पोराले मी पुढं भेटलो होतो, नागपुरात. त्यानं सरळ विचारलं, बाबा बोलले होते का म्हणून. आता मी खोटं कसं बोलू?"

किती वर्षे झाली त्या भेटीला, ते मी विचारले. पाच, तो म्हणाला.

म्हणजे पाच वर्षे दर रविवारी अनुराग हे ठाऊक असूनच फोन करीत आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी दहा वाजता फोन हाती घेतला. अनुराग कामात असेल. दुपारी एकला जेवत असेल. सायंकाळी सहाला घरी जाण्याच्या वाटेवर असेल. आम्ही रविवारीच बोलतो. सोमवारी फोन आला तर तो घाबरेल. केला नाही.

बावीस तारखेला चार दिवस आहेत.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी अपेक्षाच्या घरी गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालीत होती. मी उभ्यानेच सांगितले, "अनुराग हरकरे माझा मुलगा आहे. त्या दिवशी मी वर्गात खोटे बोललो."

"माहीत होतं सर." तिने ओली चादर पिळली. "सगळ्यांनाच माहीत आहे. रजत म्हणे, सरांना काही अडचण असेल, कोणी काही विचारू नका."

म्हणजे अकरा मुले नऊ दिवस माझा मान सांभाळीत होती.

"तुझी पात्रता मी पाहिली आहे," मी म्हणालो. "ओळखणारा माणूस म्हणून अर्जावर माझे नाव लाव. आणि मी त्याच्याशी बोलतो."

"तुम्हाला त्रास होईल सर?"

"हो," मी म्हणालो.

घरी येऊन फोन लावला. वेळ सकाळचे अकरा.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना?"

"बरा आहे. मला तुझ्याकडे एक काम आहे." हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारले असावे. मुलीचे नाव, वय, बारावीचे गुण, कुल्फीच्या पेटीची हकीकत, सर्व क्रमाने सांगितले. तिला घे असे म्हणत नाही, तिला एकदा पाहा असे म्हणतो, हेही सांगितले.

तो कामावर होता. मागे कोठे तरी यंत्राची घरघर चालू होती. मग म्हणाला, "अर्ज आजच पाठवायला सांगा. नाव यादीत घेतो. निवड तिच्या परीक्षेवर होईल, माझ्या हातात नाही."

"तेच योग्य आहे."

"हो." घरघर दूर गेली, तो कोठे तरी बाहेर आला असावा. "तिच्यासाठी बोललात, बाबा."

मी म्हणालो, "राजेंद्र भेटला होता. तुला ठाऊक आहे, हे मला रविवारी कळले."

मी पुढे सांगू लागलो.

"मी त्याच्यासमोर एक तास दहा मिनिटे बसलो होतो, अनुराग. तत्त्व वगैरे काही नव्हते. तो नाही म्हणाला तर कसे होईल, एवढीच भीती होती. तुला आणि आईला वेगळे भासवले."

"आईला माहीत होतं," तो म्हणाला. "ती म्हणाली होती, त्यांना विचारू नकोस, त्यांना फार लागेल." त्याचा आवाज जरा खाली गेला. "मग मी काहीच विचारलं नाही. दिवाळीला या म्हणावं, असं तीनदा वाटलं. तुम्ही नाही म्हणाला असता तर? म्हणून राहिलं."

मी म्हणालो, "आता विचार."

"नाही, बाबा. या वेळी तुम्ही विचारा."

वर्गात ज्या प्रश्नाला मी चार आठवड्यांची मुदत दिली होती, त्याला मला किती वेळ लागला हे मी मोजले नाही. फोन कानाशी होता. त्याच्याकडे एक ट्रक मागे घेत होते, त्याचा भोंगा ऐकू येत होता. समोरचा फार तर नाही म्हणेल.

"मी तुझ्याकडे येऊ का?"

भोंगा थांबला.

"शनिवारी मला सुट्टी असते," अनुराग म्हणाला. "मी स्टेशनवर येतो."

विनायक बंडोपंत हरकरे
बालाघाट, १९ नोव्हेंबर २०२४